दिवसाचा उजेड घरात यावा म्हणून



मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी मानकोलीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला 'येथे उजेडाची वानवा आहे' असे कोणी सांगितले, तर त्याला हसूच येईल. ठाण्याकडून नाशिककडे जाताना खारेगावची खाडी ओलांडली की हे गाव लागते. रस्त्यावर तळपणारे ऊन, मालमोटारींच्या काचांवरून परतणारी तिरीप आणि पत्र्यांच्या विस्तीर्ण छपरांची झळाळी यांमुळे तेथे डोळे उघडे ठेवणेही कठीण होते. परंतु त्याच घटकेला गावठाणातील किंवा नाक्यामागील चाळीतील एखाद्या घरात पाऊल टाकावे, तर मधल्या खोलीत विजेचा दिवा जळत असतो. स्वयंपाकघरातील ओट्यावर दुसरा दिवा असतो. वीज गेली की घरातील गृहिणी तांदळाचे सूप उचलते आणि निवडण्यासाठी दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसते. शाळेतून आलेला मुलगा पुस्तक घेऊन तिच्या शेजारी सरकतो.

उंबऱ्याबाहेर उजेडाचा पूर आहे आणि उंबऱ्याच्या आत अंधार आहे. निसर्गाने फुकट दिलेली आणि कोणत्याही योजनेवाचून रोज सकाळी दारात येणारी ही संपत्ती घरात का शिरत नाही, आणि ती शिरावी यासाठी गृहस्थाने, शिक्षकाने व पंचायत सदस्याने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

गोदामाला उजेड, घराला दिवा

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या दाराशी, असे स्थान लाभल्यामुळे भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. तरीही गोदामे कमी झाली नाहीत, उलट वाढली. मानकोली, अंजूर, दापोडे, वळ, गुंदवली ही नावे त्यामुळे देशभरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी झाली.

या प्रकारच्या गोदामांच्या छपरांत एक साधी युक्ती योजण्याची पद्धत आहे. काही पत्र्यांनंतर एक पारभासी पत्रा बसविला जातो. त्यातून दिवसभर मऊ, पसरट उजेड खाली उतरतो आणि हमालाला खोक्यावरचे अक्षर दिव्यावाचून वाचता येते. कापडधंद्याने तर हे फार पूर्वीच ओळखले होते. मुंबईच्या जुन्या गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असत. त्या दात्यांची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे ठेवलेली असे, कारण उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर बहुतांशी एकसारखा राहतो आणि विणकराला ताण्यातील तुटलेला धागा चटकन दिसतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही प्रकाशासाठी ठेवलेल्या खिडक्यांच्या व छपरावरील झरोक्यांच्या काचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवण्याचे बंधन कारखानदारावर घातले.

मालासाठी आणि यंत्रासाठी जी काळजी घेतली गेली, ती माणसाच्या राहत्या घरासाठी घेतली गेली नाही. गोदामात उजेडात काम करणारा कामगार संध्याकाळी ज्या खोलीत परततो, त्या खोलीला पुष्कळदा दाराखेरीज दुसरे तोंडच नसते. त्या खोलीत दिवसभर राहणाऱ्या स्त्रीला आणि मुलांना सूर्य उगवल्याचे दाराच्या फटीतून कळते.

सूर्याची वाट

घरात उजेड घ्यावयाचा तर सूर्य कोठून कोठे जातो हे प्रथम पाहावयास हवे. मानकोली सुमारे सव्वाएकोणीस अक्षांशावर आहे. हे स्थान कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो सुमारे अकरा तासांचा होतो आणि मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच राहतो. उगवतीची जागाही पालटते. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या उत्तरेस सुमारे २५ अंशांवर उगवतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेस.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. दक्षिणेकडील खिडकी ही पुष्कळांना तापदायक वाटते, परंतु तिला आवरणे सर्वांत सोपे असते. चार फूट उंचीच्या दक्षिण खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला, तर मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी मध्यान्हीचे ऊन त्या खिडकीवर पडत नाही. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य खाली उतरलेला असल्याने खिडकीचा वरचा दीड फूटच सावलीत राहतो आणि उरलेल्या भागातून हिवाळ्याचे हवेहवेसे ऊन खोलीत येते. पूर्वेचे ऊन सकाळी लवकर येते आणि लवकर सरते. ते स्वयंपाकघराला व झोपण्याच्या खोलीला हितकारक होय. उत्तरेचा उजेड शांत असतो. वाचन, शिवण व विणकाम यांस तो उत्तम. खरी अडचण पश्चिमेची आहे. दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्जाखालून आत घुसते आणि भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर येणाऱ्या सरीही बहुधा त्याच अंगाने झोडपतात. म्हणून पश्चिमेस लहान खिडकी, पडवी, जाळी किंवा झाड असावे.

येथे ऊन आणि उजेड यांतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. भर उन्हात मोकळ्या जागेवरील प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप. घरातील कामाला याच्या शतांशाचीही गरज नसते. घराला हवा असतो तो आकाशाचा उजेड. थेट उन्हाचा झोत नव्हे. हा भेद न कळल्यामुळे अनेक घरांत उष्म्याच्या भयाने खिडकीच बंद करण्यात येते आणि उन्हाबरोबर उजेडालाही मज्जाव होतो.

जुन्या घराचे गुण आणि उणीव

कोकणपट्टीतील जुने कौलारू घर पावसाला तोंड देण्यासाठी बांधलेले असे. छपराची पागोळी खाली उतरलेली, भिंती जाड, खिडक्या लहान आणि गजांच्या. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्यापुढे पडवी. ओटीवर उजेड भरपूर, कारण तेथे पाहुणा बसे आणि घरातील कर्ता पुरुष बसे. जसजसे आत जावे तसतसा काळोख वाढे. माजघरात उन्हाळ्यात गारवा लाभे हे खरे. पण त्याच अंधाऱ्या गारव्यात बाळंतिणीची खाट असे आणि धान्याची कणगीही असे. सर्वांत मागे चुलीचा धूर आणि भिंतींवरची काजळी यांमध्ये घरातील स्त्रीचे आयुष्य जाई.

या काळोखाला जुन्या कारागिरांनी एक उत्तर शोधले होते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मंगलोरी कौलांचा प्रसार झाला. त्याच मापाची काचेची कौलेही मिळू लागली. स्वयंपाकघराच्या छपरात असे एखादे कौल बसविले की चुलीपाशी स्वच्छ कवडसा उतरे. हा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरके आणि घड्याळ नसलेल्या घरात वेळही सांगे. या युक्तीमागे शास्त्र आहे. पूर्ण ढगाळ आकाशात माथ्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी असतो. म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतीतील खिडकीपेक्षा छपरातील तेवढेच छिद्र अधिक उजेड देते.

पुढे कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. घर पक्के झाले, गळती थांबली, माळ्यावरचे उंदीर गेले. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु कौलांबरोबर काचेचे कौलही गेले आणि त्याची जागा कशानेच भरून निघाली नाही. छपराच्या सांध्यांतून, कौलांच्या फटींतून झिरपणारा उजेडही थांबला. जुन्या घराचा आराखडा मात्र तसाच राहिला: पुढे बैठकीची खोली आणि मागे, दोन बाजूंना भिंती असलेले, स्वयंपाकघर. नव्या साहित्याने जुनी उणीव दूर होण्याऐवजी ती अधिकच वाढली.

मुंबईच्या प्लेगचा धडा

घरातील उजेड हा सार्वजनिक प्रश्न होय, ही जाणीव या भागात एका मोठ्या संकटातून निर्माण झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीतील चाळींत, एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत राहणाऱ्या गरिबांची तिने दाणादाण उडविली. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे नंतर सिद्ध झाले. तथापि, उजेड आणि हवा नसलेल्या वस्त्या हे सर्वच रोगांचे माहेरघर असते, याविषयी दुमत राहिले नाही. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यासाची स्थापना झाली आणि शहरातील दाट भाग मोकळे करण्याचे काम सुरू झाले.

या न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील राहत्या घरांतील उजेड व हवा याच विषयावर व्याख्यान दिले. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला. तो नियम समजावयास सोपा आहे. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी रेषा वर काढावी. समोरच्या इमारतीचा माथा त्या रेषेच्या वर येता कामा नये. हिशेब केला तर याचा अर्थ असा होतो की, समोरची इमारत जेवढी उंच असेल, तिच्या निदान निम्म्या रुंदीची मोकळी जागा मध्ये असावी. समोरची भिंत वीस फूट असेल तर दहा फूट, तीस फूट असेल तर पंधरा फूट.

मानकोलीसारख्या गावात आज या हिशेबाची आठवण करणे आवश्यक झाले आहे. डोंबिवलीकडे जाणारा मोठागाव पूल, महामार्ग आणि गोदामे यांमुळे येथील जमिनीला मोल आले आहे. पूर्वी दोन घरांमध्ये परसू असे, तेथे आता बोळ आहे. जेथे बोळ होता तेथे भिंतीला भिंत लागत आहे. एकमजली घराशेजारी चार मजले चढतात आणि एका दिवसात जुन्या घराची खिडकी भिंतीकडे पाहू लागते. मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी भोगलेले दुःख गावाने नव्याने भोगावे, याला काहीच कारण नाही.

किती उजेड पुरेसा?

'भरपूर उजेड' हा शब्दप्रयोग ढोबळ आहे. शासकीय कामात मोजमाप लागते. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि नंतर १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेने ते दिलेले आहे. उष्ण व दमट हवेच्या प्रदेशात राहत्या खोलीच्या खिडक्यांचे एकूण क्षेत्र, दारे वगळून, खोलीच्या क्षेत्राच्या एक-षष्ठांश असावे. कोरड्या उष्ण प्रदेशास एक-दशांश पुरते. कोकणात हवेचीही गरज अधिक असल्याने हे प्रमाण मोठे ठेवले आहे. संहितेने आणखी एक मर्यादा घातली आहे. खिडकीपासून साडेसात मीटरहून दूर असलेला खोलीचा भाग उजेडाचा मानता येत नाही.

कोणत्या खोलीला किती उजेड लागतो याचाही हिशेब झालेला आहे. भारतीय मानकांत बाहेरील आकाशाचा प्रकाश ८,००० लक्स इतका बेताचाच गृहीत धरला असून, त्याचा किती टक्के भाग आत पोहोचावा हे सांगितले आहे. बैठकीच्या खोलीसाठी ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स पुरेसे मानले आहेत. जाण्यायेण्याच्या वाटेला २५ लक्स पुरतात. अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के, म्हणजे सुमारे १५० लक्स हवेत. आणि स्वयंपाकघराला २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स.

हे आकडे शांतपणे वाचावेत. घरात सर्वांत अधिक उजेड स्वयंपाकघराला हवा, बैठकीच्या खोलीच्या चौपट हवा, असे शास्त्र सांगते. तेथे विळी असते, विस्तव असतो, उकळते पाणी असते, निवडावयाचे धान्य असते. आपल्या घरांची रचना याच्या नेमकी उलट आहे. ज्या खोलीत सर्वांत कमी काम होते तिला सर्वांत मोठी खिडकी आणि जेथे दिवसातील सर्वाधिक तास राबावे लागते तेथे हातभर झरोका. हा दोष गवंड्याचा नाही. घराचा आराखडा ठरविताना जिच्या वाट्याला स्वयंपाकघर येणार तिला विचारले जात नाही, हे त्याचे मूळ आहे.

विजेचा दिवा आहे, मग ही उठाठेव कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात काही तथ्य आहे हे मान्य करावयास हवे. साठ वॅटचा जुना दिवा रोज दहा तास जळला तर वर्षाला २१९ युनिट वीज लागे. आजच्या नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला सुमारे ३३ युनिटच लागतात. तेव्हा केवळ वीजदेयकाच्या बचतीसाठी खिडकी मोठी करा, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु दिवा ओल वाळवीत नाही, धूर बाहेर नेत नाही, वीज गेली असता उपयोगी पडत नाही. कोकणातील पावसाळ्यात बंद खोलीच्या भिंतींवर बुरशी चढते, अंथरुणे दमट राहतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधून काढलेले क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या जागेत दीर्घकाळ टिकतात. खेळती हवा आणि थेट ऊन यांपुढे ते तग धरीत नाहीत. उघडी खिडकी उजेड आणि हवा एकाच खर्चात देते.

करावयाचे काय?

नवे घर बांधणाऱ्याने पाया खणण्यापूर्वी, मोकळ्या जागेवर सकाळी, दुपारी व सायंकाळी उभे राहून सावल्या पाहाव्यात. शेजारची भिंत उद्या किती उंच होऊ शकेल याचाही विचार करावा. त्यानंतर स्वयंपाकघर आणि मुलांच्या अभ्यासाची जागा प्रथम निश्चित करून मग बैठकीची खोली ठरवावी. स्वयंपाकघर शक्यतो बाहेरच्या कोपऱ्यात असावे, म्हणजे त्याला दोन भिंतींतून उजेड मिळतो. ओटा खिडकीखाली घ्यावा. पाठीमागे खिडकी असली तर काम करणारीची स्वतःचीच सावली विळीवर पडते.

खिडकी रुंद असण्यापेक्षा उंच असणे अधिक लाभाचे असते. खिडकीच्या माथ्याची जमिनीपासून जी उंची, तिच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच उपयोगी उजेड पोहोचतो. माथा सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फुटांपर्यंत. पाच फुटांवर असेल तर दहा-बारा फुटांवरच काळोख सुरू होतो. म्हणून खिडकीचा माथा छताकडे जितका नेता येईल तितका न्यावा. दारांवर व आतल्या भिंतींत छताजवळ झरोके ठेवावेत, म्हणजे बाहेरच्या खोलीचा उजेड मधल्या खोलीत उतरतो. शेजाऱ्याची नजर नको असेल तर खिडकी बुजवू नये. खालच्या भागास दुधी काच लावावी आणि वरचा भाग मोकळा ठेवावा.

स्लॅबच्या घरात मधल्या खोलीसाठी जुन्या काचेच्या कौलाचे काम जिन्यावरील झरोका करू शकतो. जिन्याच्या माथ्यावर चारी बाजूंनी काचा बसवून वर लहान छप्पर टाकले, तर पाणी न येता उजेड खाली पोहोचतो. सपाट स्लॅबलाच भोक पाडून काच बसविणे मात्र टाळावे. पावसाळ्यात तेथून गळती सुरू होते आणि उन्हाळ्यात थेट ऊन खाली कोसळते. पत्र्याच्या घरात एखादा पारभासी पत्रा बसविणे सर्वांत स्वस्त. तो पश्चिमेकडच्या उतारावर न घालता उत्तरेकडच्या उतारावर घालावा.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनाही उपाय आहेत आणि ते फार खर्चाचे नाहीत. पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के परत फेकतो; गडद निळा, तपकिरी किंवा काजळी धरलेला रंग बहुतेक सर्व गिळून टाकतो. छताला पांढरा चुना आणि भिंतींना फिकट रंग दिला, तर तीच खोली त्याच खिडकीने अधिक उजळते. समोरच्या बोळाच्या भिंतीलाही पांढरा हात दिला, तर ती भिंतच दुसरे आकाश होते. शेजाऱ्याची संमती तेवढी घ्यावी. कपाट, फडताळ, पाण्याचे पिंप खिडकीसमोरून हलवावे. काचा पावसाळ्याआधी व नंतर धुवाव्यात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला आणि चुलीची काजळी कमी झाली; पण महामार्गालगतच्या गावांत धुळीचा थर काचेवर सतत बसत असतो, हे विसरता येत नाही.

शेजाऱ्याचा उजेड

घरातील उजेडाचा एक भाग नेहमीच शेजाऱ्याच्या हाती असतो. कायद्यानेही हे मानले आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ पासून मुंबई इलाख्यास लागू झाला. एखाद्या इमारतीला एखाद्या वाटेने येणारा उजेड व हवा वीस वर्षे शांतपणे, अखंडपणे, हक्काने उपभोगली गेली असेल, तर तो हक्क पक्का होतो, असे त्यातील पंधराव्या कलमाने म्हटले आहे. अर्थात उजेड थोडाफार कमी झाला म्हणून दावा चालत नाही. राहणाऱ्याच्या सुखसोयीस बाधा येईल किंवा घराचे मोल घटेल इतके नुकसान व्हावे लागते.

न्यायालयात जाण्याची वेळ येऊ न देणे हेच शहाणपणाचे. भिंत उभी राहिल्यावर ती पाडणे कोणालाच परवडत नाही आणि वैर मात्र पिढ्यान्पिढ्या चालते. बांधकाम सुरू होण्यापूर्वी दोन्ही घरांची माणसे एकत्र बसली, पाच फूट इकडून व पाच फूट तिकडून सोडण्याचे ठरले, तर दोघांनाही दहा फुटांची मोकळी जागा लाभते. दोघांनीही जागा खाल्ली तर दोघांच्याही घरात दिवसा दिवा लागतो.

पंचायत आणि शाळा

येथे पंचायत सदस्यांचे कर्तव्य सुरू होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात, २०१६ पासून, घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले आहे. एवढ्या घराला एक-षष्ठांश म्हणजे सुमारे सव्वाचार चौरस मीटर, अर्थात ४५ चौरस फूट खिडक्या हव्यात. चार फूट बाय चार फुटांच्या तीन खिडक्यांत हे प्रमाण पूर्ण होते. तीन खिडक्यांचा खर्च आणि तेवढीच वीटबांधणी यांत अंतर आहे. गरीब लाभार्थी पैसे वाचविण्यासाठी एखादी खिडकी गाळतो, हेही समजण्यासारखे आहे. अशा वेळी जुन्या घराची चौकट व गज पुन्हा वापरावेत, काचेऐवजी लाकडी झडप लावावी, सिमेंटची जाळी बसवावी. पण भोक बुजवू नये. काच पुढच्या वर्षी बसविता येते, भिंतीतील खिडकी नंतर पाडणे अवघड असते. घरकुलाच्या पाहणीस जाणाऱ्या अभियंत्याने व सदस्याने जोत्याबरोबरच खिडकीचे माप घ्यावे आणि स्वयंपाकाच्या जागेत उभे राहून, दिवा न लावता, आपल्याजवळचा कागद वाचून पाहावा. याहून सोपी तपासणी दुसरी नाही.

शिक्षकांना हे काम वर्गातूनच करता येईल. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डावीकडून उजेड मिळाला की वहीवर हाताची सावली पडत नाही; डावखुऱ्यास उजवीकडून हवा. वर्गातील बाके त्याप्रमाणे मांडावीत. भूगोलाच्या तासाला अंगणात काठी रोवून मेच्या मध्यास किंवा जुलैअखेरीस शून्य सावली पाहावी. मुलांना आपापल्या घराचा नकाशा काढावयास सांगावा आणि दुपारी बारा वाजता कोणत्या खोलीत पुस्तक वाचता येते, कोणत्या खोलीत येत नाही, याची नोंद करावयास लावावी. अशा तीस-चाळीस नकाशांतून गावाचा प्रश्न ग्रामसभेपुढे जितक्या स्पष्टपणे मांडला जाईल, तितका कोणत्याही परिपत्रकातून मांडला जाणार नाही.

मानकोली आणि तिच्यासारखी महामार्गालगतची गावे आज नव्याने बांधली जात आहेत. आता उभी राहणारी भिंत पुढील पन्नास वर्षे तेथेच राहील. जी खिडकी आज ठेवली जाईल, तिच्यातून दोन पिढ्या उजेड घेतील. जी आज राहून जाईल, तिची उणीव दोन पिढ्या सोसतील. यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. आराखड्यावर शिक्का मारणाऱ्याने एकदा स्वयंपाकघराची खिडकी शोधावी, बांधणाऱ्याने एकदा घरातील स्त्रीला विचारावे आणि शेजाऱ्याने मधली काही फूट जागा सोडावी, इतकेच अपेक्षित आहे. गोदामातील खोक्यांना मिळणारा उजेड तांदूळ निवडणाऱ्या हातांनाही आपल्या घरात, आपल्या जागी बसून मिळावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. तांदळाचे सूप घेऊन कोणाला उंबऱ्यावर येऊन बसावे लागले, तर ते गप्पांसाठी आणि वाऱ्यासाठी असावे. अंधारासाठी असू नये.